खळ्याला आलेला वाफसा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते आणि आमचे हे गावी जायच्या तयारीत होते. तयारी म्हणजे काय, तर पलंगावर दोन सदरे पसरून त्यातला कुठला घालावा याचा विचार. जायचं होतं गुरुवारी आणि तो होता मंगळवार. मी चिडवलंही, "मुलगी बघायला निघालात का?" म्हणून. धाडच्या पुढे आमचं गाव आहे. तिथं यांचे धाकटे भाऊ प्रल्हाद शेती बघायचे. गुरुवारी त्यांच्या ट्रॅक्टरमागचा, माती भुसभुशीत करणारा रोटावेटर आमच्या वडिलोपार्जित खळ्यात फिरणार होता आणि कितीतरी वर्षांनी हे दोघे भाऊ एका कामासाठी एका जागी उभे राहणार होते... फोनवर माझी जाऊ, प्रल्हादभाऊजींची शोभा होती. "ताई," ती म्हणाली, "हे उठून नाई राह्यले." मी म्हटलं, अगं झोपू दे की, दमले असतील. ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात, "ताई, हे उठून नाई राह्यले हो." मागे कुणी बाई मोठ्यानं रडली तेव्हा मला कळलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या हातात निळ्या रेघांचा सदरा होता.

त्याला आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असा आपल्याकडे एक रिवाज आहे, पण भाऊजींना तसलं काही मुळीच चाललं नसतं. ते तापट होते. बडबडे तर इतके, की धाडच्या बाजारातून जीपनं येताना शेजारी बसलेल्या परक्या माणसाला गाव येईपर्यंत भाऊजींच्या ट्रॅक्टरची जन्मकथा पाठ झालेली असे. हसताना मांडीवर थाप मारायची सवय होती आणि ती थाप बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या मांडीवर पडे. मी त्यांची वहिनी. दिराशी थट्टा करण्याचा हक्क मला लग्नातच मिळाला होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणूनच आता घर इतकं गप्प वाटतं.

मी बुलडाण्याची, शिक्षकाच्या घरातली. लग्न होऊन गावी गेले तेव्हा मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. पहिल्याच सुगीत सासूबाईंनी पाण्याची कळशी देऊन खळ्यावर पाठवलं, आणि मी चपला घालून थेट खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ज्वारीची कणसं पसरलेली होती, मधल्या खांबाभोवती बैल गोल फिरत होते. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, बैल थांबवले. सगळे माझ्या पायांकडे बघू लागले. खळ्यावर चपला घालून जात नाहीत हे मला कोण सांगणार! भाऊजी तेव्हा कॉलेजात नापास होऊन नुकतेच घरी आले होते. ते कडब्याच्या गंजीवरून ओरडले, "बाबा, मीच म्हनलं वयनीले चपला घाला म्हनून. कनसात इचू निंगाला होता." विंचू बिंचू काही नव्हता. मामंजींनी त्यांनाच चार शिव्या घातल्या आणि बैल पुन्हा चालू लागले. संध्याकाळी भाऊजी चुलीपाशी येऊन म्हणाले, "वयनी, तुमच्यासाठी इचू काढला मी. चहा तं पाजा." त्यानंतर जन्मभर त्यांना चहा हवा असला की ते दारातूनच 'इचू निंगाला' म्हणत आणि मी आधण ठेवी.

खळं ही नुसती मोकळी जागा नसते, हे मला त्या दिवशी कळलं. मळणीची जमीन मुद्दाम कठीण करतात. दर सुगीच्या तोंडावर ती खरडायची, पाणी मारायचं, बैल फिरवायचे, धुमसानं ठोकायची, शेणानं सारवायची, म्हणजे दाण्याला माती लागत नाही. आमच्या खळ्यावर हे मामंजींच्या वडिलांच्या आधीपासून चाललेलं. इतक्या पिढ्यांची ठोकाठोक पोटात घेऊन ती जमीन अशी झाली होती, की भर पावसाळ्यातही तिथं गवताची काडी उगवत नसे. धान्याची रास मोजताना सगळे गप्प बसत आणि पहिलं माप टाकताना मामंजी 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. राशीची पूजा करण्याचा, नारळ फोडण्याचा मान थोरल्या मुलाचा, म्हणजे यांचा. हे बुलडाण्याला एका कचेरीत नोकरीला होते, पण त्या दिवशी रजा टाकून जात, धोतर नेसत, नारळ फोडत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. पोती भाऊजी वाहत.

पुढे ज्वारी गेली, सोयाबीन आलं, मळणीयंत्र शेतातच येऊन उभं राहू लागलं. मामंजी गेले. दोघा भावांची वाटणी झाली, तीही कुठं आवाज न चढता. उगवतीकडचं वावर यांचं, मावळतीकडचं भाऊजींचं, आणि विहीर व खळं सामाईक. आमच्याकडे ही रीतच आहे, विहिरीचे आणि खळ्याचे तुकडे पाडत नाहीत. आमचा वाटाही भाऊजीच करत. अडचण एकच होती. खळं नेमकं दोन्ही वावरांच्या मध्ये. ट्रॅक्टर एकीकडून निघाला की खळ्यापाशी अडायचा, नांगर उचलायचा, वळसा घालून पलीकडे जायचा आणि पुन्हा टेकवायचा. ट्रॅक्टरवाल्याला असला वळसा कसा टोचतो, ते भाऊजींच्या शेजारी बसल्याशिवाय कळायचं नाही.

एका पाडव्याला त्यांनी रोटावेटर आणला. नवा कोरा, लाल रंगाचा, हार घातलेला. आम्ही दोघं सणासाठी गावीच होतो. गावातली माणसं बघायला जमली आणि भाऊजींच्या अंगात आलं. एवढं नवं यंत्र साध्या वावरात चालवून काय दाखवायचं? त्यांनी ट्रॅक्टर सरळ खळ्यावर घातला. कोरड्या, चैत्रातल्या खळ्यावर! पाणी नाही, आधी पंजीच्या फाळांनी उकरणं नाही, एकदम रोटावेटर. पाती जमिनीत शिरेचनात. दगडावर घण मारल्यासारखा आवाज होऊ लागला, रोटावेटर उड्या मारू लागला, त्याच्यासह ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरसह भाऊजी. जमलेली माणसं आधी हसली आणि मग पांगली, कारण एक पातं तुटून लिंबाच्या खोडात जाऊन बसलं होतं. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर खळ्यावर मांजरानं ओरखडावं तेवढं उमटलं होतं. पण मधला खांब, मामंजींनी रोवलेला, आडवा झाला होता.

मी हसत होते. हे हसत नव्हते. हे खळ्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बापाच्या छातीवर नाचतोस? विचारायचं तरी होतंस." भाऊजी ट्रॅक्टरवरून उतरलेसुद्धा नव्हते. आधीच फजिती झालेली, त्यात हे. ते तिथूनच म्हणाले, "बाप तुले सनासुदीले दिसे, दादा. मले रोज दिसे." एवढंच. एकेक वाक्य. यापेक्षा वाईट बोलणारे भाऊ मी पाहिलेत, पोलिसांपर्यंत गेलेले पाहिलेत, आणि दिवाळीला एकत्र जेवणारेही तेच. पण या दोघांची वाक्यं खरी होती, तिथंच घोळ झाला. यांनी विचारायला हवं होतं म्हटलं ते बरोबरच होतं, आणि मामंजींचं शेवटचं आजारपण भाऊजींनी एकट्यानं काढलं होतं. हे घरात आले, मला म्हणाले, "चल, आवर." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद म्हणजे येणं-जाणं बंद असं मात्र नाही बरं का. भाऊजींच्या वैशालीच्या लग्नात हे काका म्हणून मांडवात उभे राहिले, अक्षता वाटल्या, वरपक्षाची सरबराई केली. भाऊजी बुलडाण्याला आले की आमच्याकडेच जेवत. फक्त एकमेकांशी बोलत नसत, माझ्याशी बोलत. एकाच ओसरीवर, एकाच सतरंजीवर बसून भाऊजी म्हणत, "वयनी, दादाले सांगा, औंदा तुरीवर अळी लय हाये." आणि हे भिंतीकडे बघत म्हणत, "त्याला म्हणावं, वेळेवर फवार." मी दोघांच्या मध्ये पोळ्या वाढत असे. सुरुवातीला मी खरंच निरोप सांगत असे, शब्द न शब्द. मग माझ्या लक्षात आलं की न सांगताही काम भागतंय, तेव्हा मी नुसतं 'हं' म्हणू लागले. तर दोघंही थांबून माझ्याकडे बघत राहत. मी तोंडानं सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही, असा त्यांचा नियम होता! मी चिडून एकदा म्हटलं, "मला पगार सुरू करा." दोघंही हसले, पण आपापल्या ताटात बघून.

आणि तरीही दर उन्हाळ्यात भाऊजी आधी आमचं वावर करत, मग स्वतःचं. वळवाचा एखादा पाऊस पडून जमीन थोडी नरमली की फोन येई, "वयनी, दादाले सांगा, वाफसा आला, उद्या टाकतो." वाफसा म्हणजे जमीन फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अशी मधली वेळ. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि हातातून सोडला तर फुटावा. खळ्यावरच्या फजितीनंतर भाऊजी या बाबतीत भलतेच सोवळे झाले होते. आधी पंजीनं जमीन फोडायची, चार दिवस उन्हात तापू द्यायची, मग रोटावेटर. एकदा मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आमच्या वावरात फिरले. इंजिनाच्या आवाजात ते ओरडून काहीबाही सांगत होते, त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही. मागे वळून पाहिलं, तर आदल्या वर्षीची धसकटं, ढेकळं, सगळं त्या पात्यांखाली जाऊन रव्यासारखं होऊन बाहेर पडत होतं. खळ्यापाशी आल्यावर त्यांनी रोटावेटर उचलला, वळसा घातला. एवढा बडबडा माणूस, तेवढ्या वळणावर गप्प बसला.

दोन वर्षांपूर्वी यांचं ऑपरेशन झालं. भाऊजी रोज दुपारी एसटीनं दवाखान्यात यायचे आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. "दादा झोपला का, वयनी?" मी म्हणायची, जागे आहेत, जा की आत. "नको. झोपल्यावर जातो." यांचा डोळा लागला की ते आत जात, पायथ्याशी उभे राहत, पांघरूण नीट करत आणि बाहेर येत. एकदा मी हळूच पाहिलं तर हे जागेच होते. डोळे मिटून पडले होते, पापणी हलत होती. भाऊ बाहेर गेल्यावर डोळे उघडले. मला इतका राग आला दोघांचा! मला वाटलं, दोघांना धरून एकमेकांवर आपटावं. मी काहीच केलं नाही, कपबशा विसळायला निघून गेले.

या संक्रांतीला भाऊजी तिळगूळ घेऊन आले ते थेट स्वयंपाकघरात. 'इचू निंगाला' म्हणाले नाहीत, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी आहे. ओट्यावर त्यांनी दोन काडेपेट्या ठेवल्या, मध्ये मिठाची बरणी. "हे दादाचं वावर, हे माहं. हे मधात खळं. वयनी, आता गुडघे दुखतात, वळसे घालनं होत नाई. खळं फोडलं तं नांगराचं तास सरळ निंगन, दादाच्या धुऱ्यापासून थेट माह्या धुऱ्यापर्यंत. पयल्या साली मूग टाकू. दादाले इचारा ना." मी म्हटलं, "तुम्हीच विचारा. ते काय, पलीकडच्या खोलीत पेपर वाचतायत." भाऊजींनी मान हलवली. "मांगं इचारलं नाई म्हनून तं पातं तुटलं. आता रीतीनं इचारून राह्यलो." रीतीनं म्हणजे माझ्यामार्फत! पलीकडे पेपराचा आवाज थांबला होता. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, ऐकलंत का?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "त्याला म्हणावं, विचार करतो."

यांचा विचार म्हणजे काय असतो ते मला ठाऊक आहे. महाशिवरात्र आली. एके दिवशी जेवताना, घास हातात तसाच धरून, हे म्हणाले, "त्याला म्हणावं, सोड पाणी खळ्यात." त्यांच्या मनात काय फिरलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा विचार करायला बसले असते. मी उष्ट्या हातानं फोन लावला. भाऊजी म्हणाले, "दादा सोता म्हनला?" हो म्हटलं. "तुमी तं नाई ना बोलवून घेतलं?" मी म्हटलं, तुमच्या दादाकडून कुणी काही बोलवून घेतलंय का आजवर? "कसा म्हनला ते तसंच म्हना बरं, वयनी." मी यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "त्याले सांगा, थो आल्याबिगर मी रोटा खाली टेकवत नाई. नारळ त्यानंच फोडला पायजे. बाबाचं खळं हाये, मोठ्या लेकाचा हात लागल्याबिगर कसं मोडू?" मी निरोप दिला. हे 'बरं' म्हणाले आणि भात मागितला. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला.

मग रोज फोन. खळ्याभोवती बांध घातला. पाणी सोडलं, पण जमीन पाणी पितच नाही, वरच तळं करून बसली. मग भाऊजींनी पहारीनं जागोजागी भोकं पाडली आणि पाणी पुन्हा सोडलं. "मुरून राह्यलं, वयनी! आता मुरून राह्यलं!" हे सांगताना त्यांचा आवाज असा, की घरात बारसं आहे. शेवटचा फोन सोमवारी. "दादाले सांगा, गुरवारी वाफसा येते. सकाळच्याच गाडीनं या. शोभा पुरन टाकनार हाये." हे समोरच बसले होते. फोनमधला आवाज त्यांना ऐकू येत होता. मी फोन पुढे केला आणि नुसती मान वर करून खुणावलं, बोला. त्यांनी हात अर्धा पुढे केला आणि मागे घेतला. "गुरुवारी भेटतोच आहे," म्हणाले.

मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा जीपमधून आधी खळंच दिसलं. सगळं रान उन्हानं पांढरं पडलेलं, आणि मध्ये तेवढा तुकडा काळाभोर, ओला. बांधावर फावड्याच्या खुणा ताज्या होत्या. मला वाटलं होतं हे घरात गेल्यावर कोसळतील, पण ते ओसरीवर उभेच राहिले. भाऊजींच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, ते कुणालाच ऐकू आलं नाही. झोपेतच गेले होते भाऊजी. चेहरा असा की आता उठतील आणि चहा मागतील. अग्नी वैशालीनं दिला. सुलतानपूरच्या सासरहून ती पोचेपर्यंत थांबावं लागलं. तेवढा वेळ मी भाऊजींच्या उशाशी बसून होते आणि मला पहिल्यांदाच त्यांना काय सांगावं ते सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत फिरली. तो गुरुवार होता. हे घराकडे न येता खळ्याकडे वळले, म्हणून मी आणि शोभा मागोमाग गेलो. यांनी कडेला चपला काढल्या, आत गेले, पहारीच्या एका भोकापाशी वाकून माती उकरली, मुठीत दाबली आणि सोडली. गोळा खाली पडून फुटला. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून शेत असलेला गणेश, अडीअडचणीला भाऊजींचा ट्रॅक्टर चालवणारा, तिथंच उभा होता. "काका," तो म्हणाला, "आज लोन्यावानी फुटन हे. उद्या-परवा नाई व्हायचं. ऊन लय हाये." शोभा माझा हात धरून उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ यांना म्हणाली, "ते म्हनले होते, दादा आल्यावर. दादा आले ना आता. टाका रोटा." तेवढ्यात मागून आलेल्या जाणत्यांपैकी कुणीतरी म्हणालं, सुतकात औत धरत नाहीत, आणि नारळ तर नाहीच नाही. बोलणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. सुतकात पूजा होत नाही, आणि पूजेशिवाय, थोरल्याच्या हातच्या नारळाशिवाय, खळं मोडायचं नाही असं भाऊजींनी स्वतःच ठरवलेलं. हे उभे राहिले. मातीनं भरलेल्या हाताकडे बघत नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "सुतक आहे."

माझा तोल गेला. चार माणसांसमोर मी म्हणाले, "जिवंतपणी पाळलंत की त्यांचं सुतक इतकी वर्षं. अजून किती पाळायचं?" असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. शोभाच मला बाजूला घेऊन गेली. नवरा गेलेली ती, आणि समजूत माझी काढत होती, "जाऊ द्या ताई, पानी पुन्हा देता येते." पाणी पुन्हा देता येतं, हे खरं होतं. पण फाल्गुनातलं ऊन. दुसऱ्या दिवशी खळ्याचा काळा रंग उतरला, तिसऱ्या दिवशी भेगा पडल्या आणि दहाव्यापर्यंत खळं पहिल्यासारखं झालं. पिंडदान करून परत येताना हे त्याच्यावरून चालत आले, अनवाणी, आणि पावलाचा साधा ठसाही उमटला नाही.

तेरवी झाली, आम्ही बुलडाण्याला परतलो, आणि दोनच दिवसांनी हे सकाळच्या एसटीनं एकटेच धाडला गेले. संध्याकाळी आले तेव्हा विजारीचे पाय चिखलानं भरलेले. "पाणी सोडून आलो," म्हणाले. ज्यांनी जन्मात कधी फावडं धरलं नाही त्यांनी बांध नीट केला, भोकं पुन्हा मोकळी केली, हे मला शोभाकडून फोनवर कळलं. मला बरं वाटलं. सुतक संपलं होतं, नारळ घेतला होता, गणेश तयार होता. खळ्याला वाफसा आला, हे पुन्हा गेले. गणेशनं विचारलं, "काका, टाकू का?" हे म्हणाले, "थांब थोडं." लिंबाखाली बसून राहिले, शोभानं दिलेला चहा प्यायले आणि शेवटच्या गाडीनं परत आले. खळं वाळलं. यांनी पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा वाफसा आला, पुन्हा 'थांब थोडं'. शोभाचा फोन आला, "ताई, दादाले सांगा ना काई. हिरीचं पानी खाली चाललं. मले काई वाटत नाई, पन लोकं इचारतात." मी सांगितलं. यांनी ऐकलं आणि पिशवी भरली.

मागच्या आठवड्यात मीही त्यांच्याबरोबर गेले. चैत्राचं ऊन होतं. पोचलो तेव्हा गणेशनं ट्रॅक्टर खळ्याच्या कडेला आणून लावला होता. मागे रोटावेटर जोडलेला, लाल रंग ठिकठिकाणी उडालेला, पाती घासून पांढरी झालेली. इंजिन बंद करून गणेश विहिरीवर पाणी प्यायला गेला होता. सीटवर गोणपाटाची घडी होती. भाऊजी तीवरच बसायचे आणि इतकी वर्षं बसून तिला मध्ये खोलगट आकार आला होता. गणेशला विचारलं तेव्हा म्हणाला, मी ते काढून बाजूले ठेवतो आन् झालं की पुन्हा ठेवतो, काका. यांनी चपला काढल्या. खळ्यात जाऊन माती उचलली, दाबली, सोडली. मग ट्रॅक्टरपाशी आले, मडगार्डवर हात ठेवला आणि त्या गोणपाटाकडे बघून म्हणाले, "पल्लाद, वाफसा आलाय. टाक रोटा."

सवयीनं मी निरोप सांगायला तोंड उघडलं... आणि मग लक्षात आलं, त्यांनी तो माझ्याकडे दिलाच नव्हता.